जिल्ह्यात असा प्रघात नाही

रत्नागिरी, सोमवार, ता. १२ जानेवारी १९२५

नवी वही सुरू करायला बारा दिवस उशीर झाला. आमच्या कचेरीच्या मानाने हे लवकरच म्हणायचे. वहीवर नाव घातले : चिंतामणी बल्लाळ केळशीकर, अबकारी खात्यात कारकून. अजून हंगामीच आहे. सहा वर्षे झाली, खात्याची परीक्षा पास होऊनही दोन झाली, पण कायम होण्याचा हुकूम काही येत नाही. इंग्रजी मसुदा मात्र माझ्याखेरीज कुणाला साधत नाही, हे हॅलम साहेब चारचौघांत सांगतात. माझ्या कागदावर शाईचा डाग पडलेला त्यांनी अजून पाहिलेला नाही.

आजच्या आगबोटीने मुंबईहून जाड लखोटा आला. विलायतेपलीकडे जिनिव्हा म्हणून गाव आहे, तिथे साऱ्या राष्ट्रांची अफूवर परिषद चालली आहे. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती हवी आहे. एकंदर सात प्रश्न आहेत. सहांची उत्तरे दप्तरातून निघतील. सातवा असा : लहान मुलांना अफू देण्याचा प्रघात आहे काय, आणि तीमुळे मुले दगावल्याची उदाहरणे किती?

साहेबांनी मला आत बोलावले. म्हणाले, "केळशीकर, अमेरिकन लोक ह्या सातव्यासाठी टपून बसले आहेत. अफू हिंदुस्थान सरकार पिकवते, म्हणून सगळ्यांचे बोट आमच्याकडे. सात वर्षांपूर्वी महायुद्धात एकाच खंदकात होतो आम्ही. माझा भाऊ त्यांच्याच माणसांशेजारी पुरलेला आहे. उत्तर जपून लिहा."

म्हणजे दोन बड्या राष्ट्रांचा स्नेह माझ्या टाकाच्या टोकावर येऊन बसला. छाती फुगली हे खोटे कशाला लिहू.

घरी येऊन ओटीवर बसलो तर कुसुमने सूर लावला. पाच महिन्यांची पोर, पण आवाज फौजदाराचा. तीन ओळी लिहिल्या, तीनही खोडल्या. शेवटी दमयंतीवर ओरडलो, ह्या घरात मला तासभर शांतता मिळणार आहे की नाही? ती उठली. पोरीला घेऊन मागल्या पडवीत गेली.

गुरुवार, ता. १५

संक्रांत झाली. मसुदा आहे तिथेच आहे. बसलो की उठावेसे वाटते, उठलो की वाटते वेळ दवडतो आहे. आज सातदा उठलो. कुसुम रडली की लिहिता येत नाही, आणि रडायची थांबली की आता रडेल म्हणून कान लावून बसतो.

सोमवार, ता. १९

आज घर कसे निवांत आहे. कुसुम दुपारपासून निजली आहे. गोदाच्या हाताला गुण आहे हे कबूल केले पाहिजे. ही मिरजोळ्याची बाई पोरीला न्हाऊ घालायला येते. नवरा मुंबईत गिरणीत आहे, हिने चार पोरे एकटीने वाढवली. जाताना मला म्हणाली, "तुमी निवांत लिवा, दादा. पोर आता उठायची न्हाय."

एका बैठकीत मसुदा उतरला. सातव्याची अडचण मी अशी सोडवली. शेतावर जाताना कुणबिणी तान्ह्या पोरांना बाळगोळी देतात, हे कुणाला ठाऊक नाही? तीत जायफळ असते, केशर असते, आणि अफूही असते. पण ती कुणी अफू म्हणून देत नाही, औषध म्हणून देते. औषधाला अफू म्हणायचे तर खोकल्याच्या काढ्याला दारू म्हणावे लागेल. तेव्हा लिहिले : "जिल्ह्यात असा प्रघात नाही. काही अशिक्षित वर्गांत घरगुती औषध दिले जाते. दगावल्याचे उदाहरण एकही नाही." यात खोटे काय आहे? निदान सापडेल असे काही नाही.

दमयंती चहा घेऊन आली. विचारले, "त्या कागदात काय विचारलंय हो?"

म्हटले, "बायकांच्या उपयोगाचे त्यात काही नाही."

बुधवार, ता. २८

उत्तर परवाच्या आगबोटीने गेले. साहेब खूश होते, तोच मिशनच्या दवाखान्यातून डॉक्टर मिस व्हिटेकर यांचे पत्र आले.

ही अमेरिकन बाई आणि आमचे साहेब म्हणजे गावातले दोघेच असे, की एकमेकांशी मोकळेपणाने बोलतील. गुरुवारी ती त्यांना घरचा पाव पाठवते, ते तिला विलायती वर्तमानपत्रे. साहेबांच्या मुंबईच्या ऑर्डरीतून तिची कॉफीही येते, कारण इथल्या दुकानात जी मिळते तिला ती माती म्हणते. असे सारे गोडीगुलाबीचे चाललेले असताना बाईने लिहिले आहे की ह्या जिल्ह्यात बाळगोळीने मुले मरतात, तिने दोन वर्षांत अकरा पाहिली, आणि साहेबांनी हे वर कळवले नाही तर ती आपल्या देशात कळवील. वर लक्षणांची यादी : झोप सुटत नाही, भूक मरते, पोट साफ होत नाही, अंग सुकते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात.

साहेबांनी यादी मराठीत उतरवून ठेवायला सांगितली, कधी लागली तर असावी म्हणून. घरी आणून उतरवली. कुसुम शेजारीच पाळण्यात होती, हूं की चूं नाही. गुणी पोर आहे.

दमयंती पुन्हा म्हणाली, "आज काय लिहिताय?"

म्हटले, "एका अमेरिकन बाईचा कांगावा."

मंगळवार, ता. १० फेब्रुवारी

वर्तमानपत्रात बातमी आली, अमेरिकेचे प्रतिनिधी परिषदेतून उठून गेले. साहेबांनी ती मला दोनदा वाचून दाखवली. चेहरा उतरला होता. म्हणाले, "पाहुण्याने ताटावरून उठावे तसे गेले."

त्याच दुपारी पट्टेवाल्याला हुकूम झाला की वर्तमानपत्रे आणि कॉफी मिशनकडे न्यायची नाही. गुरुवारी पाव येतो का पाहायचे. मला ह्याचे हसू येते, पण हसायची चोरी. जिनिव्ह्यात कुणी उठला आणि इथे रत्नागिरीत एका बाईची कॉफी बंद झाली.

बुधवार, ता. १८

पाव आला नाही, गेल्या गुरुवारी. उद्याही येणार नाही असे दिसते.

मुंबईहून साहेबांना शाबासकी आली, तिच्याबरोबर नवे कामही. आता हीच उत्तरे तालुकावार हवीत, वीस मार्चच्या आत. साहेब म्हणाले, हे नीट गेले की तुमच्या कायमचा कागद मी स्वतः लिहितो.   दापोलीपासून राजापुरापर्यंतची दप्तरे मागवायची, आणि प्रत्येक तालुक्यापुढे तेच वाक्य लिहायचे.

कुसुम जरा उतरल्यासारखी वाटते. दमयंती म्हणते, अंगावरचे दूध पुरे पीत नाही, अर्ध्यावर डोळे मिटते. दात येत असतील.

मंगळवार, ता. ३ मार्च

आज कुसुमला उजेडात घेतले होते. डोळे काय सुरेख आहेत. घारे आणि आत बाहुली केवढी, मोहरीएवढी. दमयंतीला म्हटले, हिच्या डोळ्यांत काळे जवळजवळ नाहीच. ती म्हणाली, वामनचे अस्सेच होते.

वामनचे नाव आमच्या घरात निघत नाही. आमचा पहिला. ज्या वर्षी मी खात्याची परीक्षा दिली त्याच वर्षी मार्गशीर्षात गेला. ताप नाही, खोकला नाही, निजला तो उठला नाही. आठ महिन्यांचा होता. आईने सांगितले दृष्ट लागली. 

दमयंती म्हणाली, "हिला आता आठवा लागेल. मला भय वाटतं. त्या डॉक्टरीणबाईंनी काय लिहिलं होतं ते वाचून दाखवाल?"

मी म्हटले, "तिचा नि आपला काय संबंध? साहेबांच्या कानावर गेले की केळशीकराच्या घरात तिची पत्रे वाचतात, तर कायमचे राहिलेच."

ती गेली. मी थोडा तोडून बोललो. पण ह्या दिवसांत माझे डोके ठिकाणावर नसते.

शनिवार, ता. १४

परवाचे आज लिहितो. 

गुरुवारी शिमग्याची सुट्टी होती. गोदा पालखीसाठी आपल्या गावी गेलेली. मी सकाळपासून ओटीवर तक्ता आखत होतो. कुसुम थोडी किरकिरली, मी आतल्या दिशेने एकदा पाहिले, मग घर शांत झाले. तिसऱ्या प्रहरी पालखी आमच्या दारात आली. ढोल-ताशे असे वाजत होते की दौत थरथरत होती. खेळ्यांनी पालखी नाचवली, दमयंतीने ओटी भरली. मग पुजारी म्हणाला, "तान्ही हाय ना घरात? आणा, देवीच्या पायावं घाला."

मी आत गेलो. दहा हातांवर ढोल वाजत होते आणि ती निजलेली होती. एक क्षण मला त्याचे कौतुक वाटले. हे लिहिले पाहिजे म्हणून लिहितो. मग उचलली तर मान मागे गेली. ओठ जांभळासारखे. श्वास इतक्या अंतराने, की एक आला की पुढचा येईल असे वाटू नये.

मिशनपर्यंत मी धावलो. दमयंती मागून. वाटेत कुणी गुलाल टाकला तो पोरीच्या कपाळावर तसाच होता. डॉक्टरीणबाईंनी पापणी वर केली आणि मला विचारले, "हिला अफू दिली आहे काय?"

मी म्हणालो, "नाही. आमच्या जिल्ह्यात असा प्रघात नाही."

हे मी म्हणालो. पोर हातावर असताना म्हणालो. दोन महिने तेच वाक्य लिहीत होतो, ते आपसूक तोंडातून आले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. ताप विचारला, उलटी विचारली, पडली काय विचारले. तो सगळा वेळ माझ्यामुळे गेला.

तेवढ्यात दमयंती पोचली. तिने पदराची गाठ सोडली, एक लहान पितळी डबी निघाली. म्हणाली, "दोन दिल्या. रोज गोदा एक देते. आज ती नव्हती, एकीने हिचा डोळा लागेना. ह्यांचं लिहिणं होतं."

बाई मग एक शब्द वाया न घालवता कामाला लागल्या. नळीने पोट धुतले. सुई टोचली. नर्सला म्हणाल्या, कडक कॉफी करा. नर्स म्हणाली, कॉफी महिन्यापूर्वीच संपली.  मग मला म्हणाल्या, "आपण हॅलम साहेबांकडे जा. त्यांच्याकडे असेल. आणि धावा."

साहेब व्हरांड्यात बसले होते. माझ्या अंगावर गुलाल, पायात वहाणा नाहीत. म्हणालो, "सर, कॉफी हवी आहे. मिशनला."

त्यांचा चेहरा कडक झाला. "मिस व्हिटेकरने तुम्हांला पाठवले?"

"माझ्या मुलीसाठी, सर. तिला अफू चढली आहे."

  ते आत गेले, डबा आणला, टोपी घातली, आणि माझ्याबरोबर निघाले.  धावताना त्यांना दम लागत होता.

मग आम्ही चौघे. कॉफी थेंब थेंब पोटात घालायची, तळव्यांना टिचक्या मारायच्या, तोंडावर गार पाणी, निजू द्यायचे नाही. श्वास थांबला की बाई तिचे हात वरखाली करून चालू करायच्या. साहेब कॉफी करत होते. महिन्याभरात पहिल्यांदा ते बाईंशी बोलले ते असे : "ही पुरेशी कडक आहे?" बाई म्हणाल्या, "आणखी कडक." मी टिचक्या मारत होतो. आपल्याच पोरीला इतके मारायचे, आणि ती रडत नाही म्हणून आणखी मारायचे. देवाला म्हटले, हिला रडव. एवढ्या वर्षांत मी त्याच्याजवळ असले काही मागितलेले नव्हते.

दिवेलागणीला ती रडली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग आपल्या आवाजात. साहेबांनी तोंड भिंतीकडे वळवले.

बाईंनी दमयंतीला जवळ बसवले. विचारले, "आपल्याला दुसरे मूल आहे?"

"होता. आठ महिन्यांचा. निजेतच गेला."

"त्याला ही गोळी देत होता?"

"हो. ह्यांची खात्याची परीक्षा होती तेव्हा."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नाही की काही नाही. म्हणाली, "मी तीनदा विचारलं तुम्हांला, त्या कागदात काय आहे म्हणून."

मंगळवार, ता. १७

कुसुम घरी आली. दूध पिते. दिवसभर रडते. सवय सुटायची म्हणजे असे होणारच, बाई म्हणाल्या. गोदा आली ती दारातच बसली. म्हणाली, "आमची चारी पोरा ह्याच गोलीवं वाडली, दादा. मला काय ठावं?"  यादी तर माझ्या हातची, माझ्याच मराठीत, ओटीवर पडलेली होती.

कचेरीत साहेबांनी दार लोटून घेतले. म्हणाले, "मी त्या दिवशी तुमचा स्नेही म्हणून आलो होतो, खात्याचा साहेब म्हणून नव्हे. घरात घडले ते खाजगी. सरकारी कागदात खाजगी गोष्ट येत नाही. तुम्ही वेगळे काही लिहिलेत, तर मागचे उत्तर खोटे ठरते. ते आता मुंबईच्याही पुढे गेले असेल. अमेरिकनांच्या हाती कोलीत मिळेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सही माझी असते. पण लिहिता तुम्ही."

माझ्या कायमचा कागद टेबलावर होता. तो त्यांनी मला दाखवला नाही आणि लपवलाही नाही.

बाहेर पडताना पट्टेवाला भेटला. त्याच्या हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि कॉफीचे दोन डबे होते. मिशनला निघाला होता. त्या दोघांचे जमले, बरे झाले.

गुरुवार, ता. १९

उद्या आगबोट. काल दिवसभर येरझाऱ्या घातल्या. कायम झालो नाही तर काय, बदली झाली तर काय, आईला काय सांगू, साहेबांचे मीठ खाल्ले आहे. आणि पुन्हा मनात येई की बाहेर न आलेली गोष्ट मी एकट्याने का बाहेर आणावी, अकरा पोरांच्या बापांपैकी कुणी आणली? सगळे विचार करून झाले. शेवटी दुपारी दमयंतीला हाक मारली आणि म्हटले, बस. सातही प्रश्न तिला मराठीत वाचून दाखवले. डॉक्टरीणबाईंची यादीही वाचली, शेवटापर्यंत. तिने मान खाली घालून ऐकले.

"सातवा पुन्हा वाचा," म्हणाली.

पुन्हा वाचला. कुसुम तिच्या मांडीवर रडत होती. मी त्या रडण्यातच टाक घेतला. रत्नागिरी तालुक्यापुढे लिहिले : "प्रघात आहे. सर्व वर्गांत आहे, लिहिणाऱ्याच्या घरीही आहे. एक मुलगी वाचली. एक मुलगा दगावला." मागच्या उत्तरात चूक झाली, ती माझी, असे खाली लिहून सही केली. साहेब यावर आपली सही करतील की हा कागद फाडतील, ते उद्या अकरा वाजता कळेल. फाडला तर नक्कल ह्या वहीत आहे. ती घेऊन मिशनला जाईन.

रकान्यात नाव विचारलेले नाही. तरी वामनचे नाव आणि वय घातले.

दमयंतीला इंग्रजी येत नाही. म्हणाली, "त्याचं नाव कुठे आहे ते दाखवा." मी बोट ठेवले. तिनेही तिथे बोट ठेवले. शाई वाळलेली नव्हती, नाव जरा फिसकटले. ती घाबरून म्हणाली, "अगंबाई, आता पुन्हा लिहावं लागेल."

म्हटले, नाही. असेच जाऊ दे.